थांबा मागा, पण आधी वेळापत्रक मागा

खान्देशात रेल्वेचा विषय निघाला की बोलणं फिरून थांब्यावर येतं. अमुक एक्स्प्रेसला पाचोऱ्याला थांबा द्या, तमुक सुपरफास्टला अमळनेरला द्या, आणखी एखादीला चाळीसगावला. निवेदनं जातात, रेल रोकोचे इशारे दिले जातात, लोकप्रतिनिधी रेल्वेमंत्र्यांना भेटल्याचे फोटो येतात आणि कधीतरी सहा महिन्यांसाठी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ थांबा मंजूर होतो. पहिल्या दिवशी इंजिनाला हार पडतो, लोको पायलटला पेढा मिळतो. त्या आनंदात खोटं काही नसतं. दारावरून रोज धडधडत जाणारी गाडी आपल्या गावासाठी थांबली, याचा अभिमान वाटणारच. पण हा सगळा जोर आपण चुकीच्या जागी लावतो आहोत, असं माझं ठाम मत झालं आहे. थांबा ही प्रवासातली शेवटची गोष्ट आहे. गाडी कुठून कुठे जाते, दिवसाच्या कोणत्या वेळी येते आणि उतरल्यावर पुढची गाडी मिळते का, हे आधी ठरायला हवं. त्याबद्दल आपण फारसं बोलतच नाही.

आपल्याकडे लाईनी किती आणि कशा आहेत ते आधी पाहू. मुंबईहून मनमाडमार्गे येणारी मुख्य लाईन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचते आणि तिथे फुटते. एक फाटा खंडवा-इटारसीकडे जातो, दुसरा अकोला-नागपूरकडे. नागपूरपर्यंत रूळ १८६७ साली गेले, जबलपूरकडची जोडणी १८७० साली पुरी झाली आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे सुरू झाली. भुसावळ तेव्हापासून रेल्वेचं गाव आहे. दुसरी सुरत लाईन. उधना, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव आणि जळगाव असा तिचा मार्ग. तापीच्या खोऱ्यातली ही सुमारे ३०७ किलोमीटरची लाईन शंभर वर्षांहून अधिक काळ एकेरी होती. दुहेरीकरण आणि विद्युतीकरण होऊन ती फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तिसरा तुकडा चाळीसगाव-धुळे, सत्तावन्न किलोमीटरच्या आसपासचा. तो १९०० साली धुळ्यात येऊन थांबला आणि अजून तिथेच थांबलेला आहे.

या तिसऱ्या तुकड्याची गोष्ट जरा तपशिलात सांगायला हवी, कारण मार्गाची निवड म्हणजे काय ते धुळ्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. रस्त्यांच्या हिशेबात धुळे हा मोठा चौक आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे हे तिन्ही महामार्ग इथे भेटतात. रेल्वेच्या हिशेबात मात्र ते एका फाट्याचं टोक आहे. धुळ्याहून जळगाव रस्त्याने नव्वदेक किलोमीटर. रेल्वेने जायचं तर आधी दक्षिणेला चाळीसगाव गाठा, तिथे गाडी बदला आणि मग मुख्य लाईनने पुन्हा उत्तर-पूर्वेला या, म्हणजे दीडशे किलोमीटर झाले. धुळ्याहून नंदुरबारला रेल्वेने जायचा विचारही कुणी करत नाही. नरडाण्याहून सुरत लाईन जाते आणि नरडाणा धुळे जिल्ह्यातच आहे, तरी जिल्ह्याच्या ठिकाणाहून तिथवर रूळ नाहीत. अलीकडे धुळ्याहून मुंबईला थेट गाडी मिळाली, त्याचा लोकांना खरा उपयोग होतो. पण एका दिशेची एक गाडी म्हणजे शहर रेल्वेच्या नकाशावर आलं असं होत नाही.

आता थांब्याकडे येऊ. वेगात धावणारी गाडी दोन मिनिटं थांबली म्हणजे दोनच मिनिटं गेली, असा बहुतेकांचा समज असतो. पण ताशी ११० किलोमीटरने येणारी वीस-बावीस डब्यांची गाडी स्टेशनाच्या बरीच आधी वेग कमी करायला लागते आणि सुटल्यावर पूर्ण वेग धरायला तिला आणखी काही किलोमीटर लागतात. हिशेब केला तर दोन मिनिटांचा थांबा साधारण चार ते पाच मिनिटांना पडतो. मागून येणाऱ्या गाड्यांनाही त्याची झळ बसते, आणि भुसावळ-मनमाड पट्ट्यात गाड्या एकीला एक लागून असतात. एक्स्प्रेसला वाट द्यायला मग कुणाला तरी साइडिंगला टाकावं लागतं. बहुतेक वेळा ती आपलीच पॅसेंजर किंवा मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी, असते. म्हणजे एका गावाला सुपरफास्टचा थांबा मिळतो आणि त्याची किंमत शेजारच्या पाच गावांचे रोजचे प्रवासी मोजतात. निवेदनात ही किंमत कधी लिहिलेली नसते.

थांब्याची पात्रता ठरते तिकीटविक्रीवर. प्रायोगिक थांबा दिला की त्या गाडीसाठी त्या स्टेशनातून किती तिकिटं गेली हे पाहिलं जातं. हा मापदंड मला अपुरा वाटतो. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी लांब पल्ल्याची गाडी सव्वाचारशे किलोमीटरवरच्या जळगावला मध्यरात्रीनंतर येते. रात्री पावणेतीनला पाचोऱ्याच्या फलाटावर बायकामुलांना घेऊन कोण उभं राहणार? मग तिकिटं कमी दिसतात आणि ‘मागणी नाही’ असा शेरा बसतो. दुसरं असं की छोट्या स्टेशनाच्या वाट्याला आरक्षणाच्या जागाच थोड्या येतात. जाणता प्रवासी तिकीट जळगावहून किंवा भुसावळहून काढतो आणि चढतो आपल्या गावात. त्याचा पैसा मोजला जातो एकीकडे आणि गरज असते दुसरीकडे.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मुंबईहून उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडे जाणाऱ्या गाड्या आपल्यासाठी आखलेल्या नाहीत. त्या भरून येतात आणि भरून जातात. सुट्टीच्या दिवसांत जनरल डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. अमळनेरच्या फलाटावर एक आजोबा मला म्हणाले होते, ‘गाडी थांबस, पन जागा नही भेटस.’ थांब्याच्या राजकारणातली गफलत त्या एका वाक्यात आली. दुसऱ्यांच्या गाडीत दोन मिनिटांची उसनी वेळ मागत बसण्यापेक्षा आपल्या प्रवासाला आपली गाडी का मागू नये?

आणि आपला प्रवास कुठे असतो हे गुपित नाही. नंदुरबार-धुळ्यापासून अमळनेरपर्यंतच्या हजारो घरांतलं कुणी ना कुणी सुरतेला आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. सणाला, लग्नाला, मरणाला ही माणसं सुरत लाईननेच ये-जा करतात. पुण्याला शिकायला आणि नोकरीला गेलेली पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने प्रवास करतात आणि दिवाळीत तिकिटाचे दर पाहून आईवडील हबकतात. विद्यापीठ जळगावजवळ बांभोरीला आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात, आणि सुरत लाईनवरचं पाळधी स्टेशन तिथून जवळ आहे. परीक्षेच्या कामाला, कागदपत्रांना, मार्कशीटच्या दुरुस्तीला नवापूर-नंदुरबारकडचं पोरगं सकाळी निघून संध्याकाळी परत घरी पोचलं पाहिजे. दवाखान्याचं तसंच, कोर्टाचं तसंच. हा सगळा दोनशे किलोमीटरच्या आतला, दिवसाउजेडीचा, परतीचा प्रवास आहे. त्याला रात्रीच्या सुपरफास्टचा थांबा काही कामाचा नाही. दर दोन तासांनी धावणारी, ठरल्या वेळी येणारी साधी मेमू कामाची आहे.

तशी मागणी मी अशी मांडेन. भुसावळ ते नंदुरबार आणि भुसावळ ते मनमाड अशा मेमू किंवा इंटरसिटी दिवसभर ठरावीक अंतराने धावाव्यात आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर थांबाव्यात. चाळीसगाव-धुळे गाडी चाळीसगावला मुख्य लाईनच्या गाडीला धरून यावी आणि धरून सुटावी. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांनी मोठ्या जोडांवर थांबावं. भुसावळ म्हणजे खंडवा आणि नागपूरकडचा जोड, जळगाव म्हणजे सुरतेचा, चाळीसगाव म्हणजे धुळ्याचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली नागपूर-पुणे वंदे भारत भुसावळला थांबते आणि लगेच चोवीस किलोमीटरवर जळगावला थांबते. हे दोन्ही थांबे मला योग्य वाटतात, कारण दोन्हीकडे वेगळ्या लाईनी येऊन मिळतात. तोच न्याय लावला तर जळगाव-मनमाड या १६० किलोमीटरमध्ये धुळ्याच्या प्रवाशासाठी चाळीसगावचा थांबाही बसतो. मात्र एका अटीवर: त्या वेळेला धुळ्याची गाडी चाळीसगावात उभी असली पाहिजे. ती नसेल तर त्या थांब्याचा धुळ्याला काडीचा उपयोग नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गाडी बदलण्याचा, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. चाळीसगावला धुळ्याची गाडी लागते तेव्हा पाहावं. डोक्यावर गाठोडं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचं मनगट, अशी एखादी आजी पादचारी पुलाच्या पायऱ्यांशी क्षणभर थांबते. वर जायचं, पलीकडे उतरायचं, आणि तोवर पुढची गाडी सुटलेली नसावी एवढंच तिच्या चेहऱ्यावर असतं. अशा माणसाला ‘जोडगाडी पकडा’ असं सांगणं सोपं आहे, तिने ती पकडणं अवघड आहे. पण लोक गाडी बदलायला भितात ते पुढची गाडी मिळण्याची खात्री नसते म्हणून. पहिलीला उशीर झाला की दुसरी वाट पाहत नाही, आणि तिसरी चार तासांनी असते. पुढची गाडी दहा मिनिटं थांबेल, शक्य तिथे त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला लागेल आणि चुकलीच तर दोन तासांत आणखी एक येईल, एवढी हमी मिळाली तर ती आजीसुद्धा निर्धास्त जाईल. लिफ्ट आणि रॅम्पची मागणी थांब्याच्या मागणीइतक्याच जोराने व्हायला हवी ती यासाठीच.

हे स्वप्नरंजन नाही. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराचं वेळापत्रक लावलं. मोठ्या स्टेशनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी येतात, प्रवासी बदलतात आणि ठोक्यानंतर सगळ्या सुटतात. १९८७ मध्ये तिथल्या जनतेने मतदान करून हीच पद्धत वाढवण्याला मान्यता दिली. पुढे झुरिक-बर्न प्रवास तासाच्या आत बसावा म्हणून नवी लाईन बांधली आणि २००४ पासून तो ५६ मिनिटांवर आला. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी वेळापत्रक ठरलं आणि रूळ त्याच्यासाठी टाकले. आपल्याकडे आधी रूळ पडतात, मग गाड्या येतात, मग त्या गाड्यांना थांबा मागत आपण पंधरा वर्षं घालवतो.

आपल्याकडे लोकसंख्या निराळी, गर्दी निराळी, मालगाड्यांचा भार निराळा, हे मान्य. पण नेमक्या याच काही वर्षांत खान्देशात रेल्वेचे बरेच नवे रूळ पडणार आहेत. मनमाड-जळगाव तिसऱ्या लाईनचं काम हाती घेतलेलं आहे. चौथ्या लाईनला, शिवाय भुसावळ-खंडव्याच्या तिसऱ्या-चौथ्या लाईनला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्याआधी ऑगस्टमध्ये जालना-जळगाव ही १७४ किलोमीटरची नवी लाईन मंजूर झाली, ती अजिंठ्याकडून येणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर. तिची लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी, नवी स्टेशनं ३० आणि पूर्ण करायचं वर्ष २०२८-२९. मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा अशी ती जाणार. धुळे-नरडाणा तुकड्याचं भूमिपूजन तर फेब्रुवारी २०१९ मध्येच झालं होतं.

ही लाईन मुंबई आणि इंदूर यांच्यातलं अंतर कमी करणारी म्हणून सांगितली जाते. इंदूरकडचे लोक तिच्याकडे तसं पाहणारच, त्यात गैर काही नाही. मालवाहतुकीचा हिशेबही मोठा आहे. पण खान्देशाचा हिशेब मधल्या स्टेशनांवर ठरणार आहे. नरडाण्याला मनमाड-इंदूर आणि सुरत-जळगाव या लाईनी भेटतील, तेव्हा तिथे फलाट कसे मांडलेले असतील? एका लाईनची गाडी सोडून दुसरीत बसायला दोन मिनिटं लागतील की सामान घेऊन अर्धा किलोमीटर चालावं लागेल? हे आता, आराखडा कागदावर असताना ठरतं. एकदा फलाटाचं सिमेंट बसलं की मग निवेदन कुणालाही द्या, ते हलत नाही. शिरपूर आज रेल्वेपासून पूर्ण तुटलेलं मोठं गाव आहे. तिथलं स्टेशन गावापासून किती लांब पडणार, एसटी बस स्टेशनाच्या दारात येणार की नाही, नव्या लाईनवरून धुळ्याच्या माणसाला गावात पोचायला किती वेळ लागणार, हे प्रश्न आज विचारायचे आहेत. आपल्याकडच्या कितीतरी गावांत स्टेशन एकीकडे आणि वस्ती दुसरीकडे अशी स्थिती आहे, आणि रात्री उतरलेल्या प्रवाशाला रिक्षावाला सांगेल ते भाडं द्यावं लागतं.

नंदुरबारबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे माझा ‘जोडांवर थांबा’ हा आग्रह पुरत नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांत रेल्वे नाही. ऊसतोडीला दरवर्षी गुजरातेत जाणारी कुटुंबं इथलीच. खांडबारा, चिंचपाडा यांसारख्या स्टेशनांवर थांबणारी पॅसेंजर त्यांच्यासाठी बसपेक्षा स्वस्त आणि भरवशाची असते. २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या. त्या परत आल्या तेव्हा देशभर बऱ्याच पॅसेंजर एक्स्प्रेस म्हणून आल्या, किमान भाडं १० रुपयांवरून ३० वर गेलं आणि कित्येक लहान स्टेशनांचे थांबे गळाले. भाडं फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा खाली आणलं गेलं. पण चार वर्षं ज्याने मजुरीच्या पैशातून तिप्पट भाडं भरलं किंवा पिकअपमध्ये उभं राहून प्रवास केला, त्याच्या बाजूने रेल रोको झाल्याचं मला आठवत नाही. थांब्यासाठी भांडायचंच असेल तर ते इथे भांडावं. सुपरफास्ट सोडली तरी चालते, पण पॅसेंजरचा थांबा गेला तर त्या गावाकडे दुसरं साधनच उरत नाही. जामनेरकरांना हे वेगळं सांगायला नको. पाचोरा-जामनेरची छोटी ‘पीजे’ २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज होऊन ती बोदवडपर्यंत जाईल तेव्हा जाईल, शेंदुर्णी-पहूरच्या माणसाला तोवर रस्ताच आहे.

याच पट्ट्यात नवापूरचं स्टेशन आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध रेघ आहे, एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात लिहिलेलं. उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. लोक तिथे उभं राहून फोटो काढतात. प्रवाशाला त्या रेघेचा त्रास होत नाही, गाडी दोन राज्यांत उभी राहते आणि सुटते. त्रास होतो तो दुसऱ्या, न दिसणाऱ्या रेघेचा. भुसावळ विभाग मध्य रेल्वेचा आणि सुरत लाईन पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाची, ही सरहद्द जळगावजवळ आहे. मध्य रेल्वे आपल्या गाड्यांच्या वेळा मुंबई-नागपूर डोळ्यांसमोर ठेवून लावते, पश्चिम रेल्वे सुरत-मुंबई डोळ्यांसमोर ठेवून. जळगावच्या फलाटावर या दोघांचा मेळ घालणं हे कुणा एकाचं काम नाही, म्हणून ते होत नाही. लोकसभेचे मतदारसंघही चार: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. प्रत्येकाला आपल्या स्टेशनाचा थांबा दाखवायचा असतो. चौघांनी मिळून एक वेळापत्रक मागितलं, असं घडलेलं नाही.

समृद्धी महामार्ग खान्देशाला बाजूला ठेवून गेला, आणि मुंबई-नागपूर हायस्पीड रेल्वेचा प्रस्तावही त्याच्याच कडेने आखलेला आहे. त्यामुळे आपल्या वाट्याला आहे ती साधी रेल्वे. ती नीट चालवून घेणं आपल्या हातात बरंच आहे. दोन्ही रेल्वेंच्या उपभोक्ता सल्लागार समित्या आहेत, त्यांत आपल्याकडचे सदस्य असतात. नवं वेळापत्रक तयार होण्याआधी या समित्यांची एक एकत्र बैठक जळगावात व्हावी, तिला चारही खासदारांनी यावं आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांनाही बोलवावं. तिथे द्यायच्या निवेदनात एकाही एक्स्प्रेसचं नाव नसलं तरी चालेल. त्यात असं लिहावं: नंदुरबारहून सकाळी निघालेला विद्यार्थी दहाच्या आत पाळधीला उतरला पाहिजे आणि त्याची परतीची गाडी पाचनंतर असली पाहिजे. धुळ्याची गाडी चाळीसगावला मुंबईच्या कोणत्या गाडीआधी किती मिनिटं येईल, कोणत्या फलाटावर, आणि मुख्य गाडीला उशीर झाला तर ती किती वेळ थांबेल. खांडबाऱ्याला दिवसातून किती गाड्या थांबतील आणि शेवटची किती वाजता. नरडाण्याच्या नव्या जंक्शनचा नकाशा लोकांना पाहायला कुठे लावला जाईल आणि हरकती कोणत्या तारखेपर्यंत घेतल्या जातील.